वारुळावरच्या छत्र्या

छत्र्या निघायच्या श्रावणात, पण माझी माय त्या शोधायची चैत्र-वैशाखात. सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. उन्हाळ्यात कुठं अळिंब असतं का, असं माझा मुलगाच मला विचारतो, आणि तो तर आता त्याच धंद्यात आहे. नसतं. उन्हाळ्यात असतं ते फक्त वारूळ. माय वारुळं बघत फिरायची.

यंदाचा श्रावण लागला आणि दोन-चार दिवस झड लागून मग उघडीप पडली. आकाश गडगडून गेलं होतं. अशा हवेत माझे डोळे आपोआप खाली जातात. काल शेतातून येताना बांधाच्या कडेला गवतात पांढरं काही दिसलं आणि पाय थांबले. वाकून बघितलं तर बियाण्याची रिकामी पिशवी होती, वाऱ्यानं फुगलेली. मी ती उचलली, चुरगाळली आणि घरापर्यंत हातात धरून आणली. का आणली, माहीत नाही.

माझं माहेर हसनाबादपासून चालत जाण्यासारखं. गावामागं बोडकी टेकडी, तिच्या पायथ्याला आमचं घर. बाप मेंढरांच्या मागं असायचा. दिवाळी झाली की कळप घेऊन तो खाली गोदावरीच्या अंगाला उतरायचा, शहागडच्या पुढं कुठं कुठं लोकांच्या रानात मेंढरं बसवायचा आणि मृगाच्या तोंडावर परतायचा. मधले सगळे महिने घर मायचं. माय, मी आणि धाकटा भाऊ. त्या महिन्यांत माय टेकडीवर जायची ती मोकळ्या हातानं कधी परत आली नाही. चिंचेचा कोवळा चिगूर, बाभळीचा डिंक, निवडुंगाची लाल बोंडं, टेंभुर्णीची टेंभरं. लुगड्याचा ओचा पुढून भरलेला, हातात काठी, आणि उन्हानं तांबडं झालेलं तोंड.

पण हे सगळं वरवरचं. खरं काम वेगळं असायचं. बोरीच्या बुडाशी, जुन्या बांधाला, नाल्याच्या काठाला वारूळ दिसलं की ती थांबायची. आधी काठीनं जमीन आपटायची, आत कुणी असेल तर त्याला कळावं म्हणून. मग जवळ जाऊन वारुळाचं टोक बघायची. वैशाखात सगळं रान करपलेलं असतं, ढेकूळ हातात घेतलं तर भाजतं. आणि त्या उन्हातही एखाद्या वारुळाच्या टोकाला सकाळी हाताच्या तळव्याएवढी ओली माती असते, बारीक दाण्यांची, नुकतीच लावलेली. पाणी कुठून आणतात त्या मुंग्या, कुणास ठाऊक. माय तिथं बोट टेकवायची आणि मला म्हणायची, "हे जितं हाये. आत काम चालू हाये." कोरड्या, फुटक्या वारुळाकडं ती बघतही नसे. असा तिचा उन्हाळा जायचा. पाऊस पडायच्या आधीच टेकडीवरची जिती वारुळं तिच्या डोक्यात बसलेली असायची.

मग श्रावणात, गडगडाट होऊन गेला की दुसऱ्या सकाळी ती मला उठवायची. चिखल तुडवत आम्ही जायचो आणि वारुळाच्या उतारावर त्या उभ्या असायच्या, पांढऱ्या, मधोमध करडं टोक असलेल्या, काही अजून मिटलेल्या. मी हरखून बोट दाखवलं की माय माझा हात खाली ओढायची. बोट दाखवलं की सडतात, मूठ करून दाखव, असं तिचं म्हणणं. खणायच्या नाहीत, देठाला धरून हळूच फिरवून काढायच्या, आणि प्रत्येक वारुळावर थोड्या ठेवून यायच्या. कशासाठी ठेवायच्या विचारलं तर म्हणायची, ज्यानं दिलं त्याला बी राहू दे की.

शिजताना त्यांना वास यायचा तो भाजलेल्या हुरड्यासारखा. कांदा, लसूण, काळा मसाला, वर तेलाचा तवंग, आणि ज्वारीची भाकरी. लोक म्हणतात चव मटणासारखी. मला तसं कधी वाटलं नाही. मला ती घरी परतलेल्या बापाची चव वाटायची, कारण ओली घोंगडी दाराशी टाकून तो चुलीपुढं बसायचा तो याच दिवसांत.

लग्न करून मला मंठ्याकडं दिलं. जात एकच, पण त्या घरातली मेंढरं केव्हाच गेलेली. विहीर, बागायत, कापूस, सोयाबीन, दारात बैलजोडी. माझे सासरे, आबा, गळ्यात तुळशीची माळ घातलेले. त्यांचे वडीलही माळकरी. बघायला आले तेव्हाच आबांनी माझ्या बापाला सांगून ठेवलं होतं की आमच्यात वशाट बिलकुल चालत नाही, पोरीला तेवढं समजावून सांगा. बापानं मान डोलावली. मेंढरं राखणाऱ्याची पोरगी बागायतदाराच्या घरात चालली होती, मान डोलावण्यावाचून काय होतं. मटण तसंही आमच्या घरी वर्षातून एखाद्या जत्रेला व्हायचं. मला त्याचं काही वाटलं नाही.

पण सासरी पहिला श्रावण आला आणि आमच्याच बांधावर, विहिरीकडं जायच्या वाटेला, वारुळाभोवती छत्र्यांचा सडा पडला. मी डोक्यावरचा हंडा खाली ठेवला आणि ओचा पसरून बसलेच. मागून सासूबाई आल्या. त्या ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "ठेव ते. आबा त्याला वशाटच म्हणतात." मी काढलेल्या छत्र्या परत वारुळापाशी ठेवल्या. काढलेली छत्री परत लागत नाही. दुपारपर्यंत त्या पिवळ्या पडल्या, संध्याकाळी शेळ्यांनी तुडवल्या.

त्याच आठवड्यात नागपंचमी होती. गावातल्या बाया नटून वारुळाला गेल्या, सासूबाईंबरोबर मीही गेले. हळदकुंकू वाहिलं, लाह्या टाकल्या, दूध ओतलं, फेर धरला. वारुळाला हात जोडायचे आणि वारुळानं वर काढून दिलेलं तोंडात गेलं तर बाटायचं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळत नाही. कुणाला विचारावं असंही कुणी नव्हतं.

पुढच्या वर्षांत मी पंचमीला माहेरी जायची आणि तिथं पोटभर खाऊन यायची. आबांना ते माहीत असावं. माहेरचं माहेरी, असं ते धरून चालत असावेत. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग राहुलच्या वेळी मला दिवस गेले. पोट खूप पुढं आलं होतं, आणि मंठ्याच्या डॉक्टरांनी तेवढा महिना गाडीचे धक्के नको म्हणून सांगितलं. त्या वर्षी पंचमीला माहेर नव्हतं. आणि मला डोहाळे लागले ते छत्र्यांचेच. कैरी नको, चिंच नको. झोपेतून उठल्यावर नाकात तो वास असायचा. कुणीतरी गावाकडं जाणारं होतं, त्याच्याजवळ मी सहज बोलले असेन. निरोप म्हणून पाठवला नव्हता, पण मायपर्यंत तो पोचला.

माय पहाटे टेकडीवर गेली, छत्र्या काढल्या, पळसाची पानं घातलेल्या टोपलीत ठेवल्या, वर लुगड्याचा ओला तुकडा झाकला आणि पहिल्या गाडीनं निघाली. जालन्याला गाडी बदलली. वाटेत दर फाट्याला ती तो तुकडा पाणी मारून ओला करत होती, असं तिनं मला नंतर सांगितलं. दुपारच्या सुमाराला ती अंगणात उभी राहिली तेव्हा मी दारात बसून तांदूळ निवडत होते. टोपली डोक्यावर, खांद्याला पिशवी.

माय या घराचे रिवाज जाणून होती. पिशवीत तिनं घरून भगुणं आणलं होतं, तेलाची बाटली, मसाल्याची पुडी, काडीपेटीसुद्धा. गोठ्यामागं तीन दगड मांडून ती शिजवणार होती, मला तिथंच बसवून खाऊ घालणार होती आणि भगुणं घासून परत नेणार होती. आमच्या घरातल्या वाटीलासुद्धा त्याचा स्पर्श झाला नसता.

आबा ओसरीवर होते. चातुर्मासाची पोथी लागली होती, त्यांनी ती नुकतीच कापडात बांधून ठेवली होती. विहीण आली म्हणून त्यांनी आधी घोंगडी टाकायला सांगितली, पाणी द्यायला सांगितलं. आबांचा आवाज कधी चढत नसे. गावात त्यांना मान होता तो बराचसा या आवाजाचा. सासूबाईंनी पितळी तांब्या आणून मायपुढं ठेवला. आणि मग आबांनी टोपलीकडं बघून, काय आणलंय, असं विचारलं.

मायनं पोरीच्या डोहाळ्याचं आहे म्हणून सांगितलं आणि कापड बाजूला केलं. लपवायचं असतं तर तिनं लपवलं असतं.

आबांनी टोपलीत वाकून बघितलं. मग म्हणाले, "बाई, घरात पोथी लागलीया."

"घरात न्हाई नेत, आबा," माय म्हणाली. "गोठ्यामागं शिजवते. भगुणं बी माझंच हाये."

"गोठा बी घरच हाये," आबा म्हणाले.

एवढंच. मग त्यांनी माझ्या नवऱ्याला हाक मारली आणि टोपली उकिरड्यावर रिकामी करून आणायला सांगितलं. माझा नवरा एकदा माझ्याकडं बघून, एकदा मायकडं बघून उभा राहिला. मला वाटलं तो काही बोलेल. त्यानं खाली वाकून टोपली उचलली.

मी उठले. पोटामुळं मला पटकन उठता येत नव्हतं, दाराच्या चौकटीला धरून उठले. म्हणाले, "आबा, ती माझी माय हाये."

"म्हणून तर शांतपणानं सांगितलं," आबा म्हणाले.

ते खरंच होतं. दुसरं कुणी असतं तर ते शांतपणानं बोलले नसते. तेच मला अजून गिळता येत नाही. ओरडले असते, शिवी दिली असती, तर नंतर कधीतरी त्यांना लाज वाटली असती आणि एखाद्या सणाला ते विषय काढून मिटवू शकले असते. शांतपणानं बोललेलं परत घ्यायला माणसाकडं कारणच उरत नाही.

नवरा रिकामी टोपली घेऊन आला. तेवढ्यात आबांनी सासूबाईंना खूण केली, आणि त्या गोमूत्राची वाटी घेऊन आल्या. जिथं टोपली ठेवली होती तिथं त्यांनी शिंपडलं. माय जवळच बसली होती. थेंब तिच्या पायाजवळ पडले. तिनं पाय मागं घेतला नाही. त्या शिंपडत होत्या तोवर ती बघत राहिली, आणि झाल्यावर उठली. तांब्यातलं पाणी तसंच होतं.

फाट्यापर्यंत मी तिच्याबरोबर गेले. मला कुणी अडवलं नाही. वाटेत माय माझ्या चालीनं हळूहळू चालत राहिली. गाडी दिसली तेव्हा मी म्हणाले, मीही येते, आत्ताच येते. माय नको म्हणाली, गाडीचे धक्के बसतील म्हणाली. मग माझ्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "बाळंतपणाला ये. लेकरू मी न्हाऊ घालीन. पर या दारात मी आता येणार न्हाई, सुमे. तू मनाला लावून घेऊ नको, तुझ्यावर न्हाई हे."

तिनं ते पाळलं. राहुल माहेरी झाला, तिनं त्याला मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं, माझ्यासाठी डिंकाचे लाडू केले. पण आमच्या घरी तिचं पाऊल परत पडलं नाही. नवं घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला बाप आला, भाऊ आला, तिचं लुगडं-चोळी आहेरात आलं, ती नाही. मामी, काकू, सगळ्या विचारायच्या, आई का नाही आली. मी म्हणायचे, मेंढरं कुणी बघायची. बापानं मेंढरं विकून टाकल्यावर मी म्हणायचे, तिचे गुडघे दुखतात. आबा एकदा मला म्हणाले की तुझी आई फार मानी बाई आहे. त्यात राग नव्हता. एखाद्या माणसाला दमा आहे म्हणावं तसं ते म्हणाले.

सासूबाईंबद्दल माझ्या मनात बरीच वर्षं कडू होतं. एकदा आम्ही दोघी कपाशीत खुरपत होतो. पाऊस नुकताच उघडला होता आणि पुढच्या बांधाला एक छत्री उगवली होती, एकटीच. सासूबाई खुरपं थांबवून तिच्याकडं बघत राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी बी खाल्ल्यात. लग्नाच्या आधी. आमची आजी ज्वारीच्या कण्या घालून करायची." त्यांनी परत खुरपायला सुरुवात केली आणि तो विषय मरेपर्यंत पुन्हा काढला नाही. त्या दिवशी गोमूत्राची वाटी आणताना त्यांना तो वास आला असेल का, असं मला नंतर फार वाटायचं. आला असणार. माझा कडूपणा त्या दिवसापासून त्यांच्यावरून उठला आणि दुसरीकडं जाऊन बसला.

माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा मला जालन्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. माय तिथं आली, आणि घरी जायच्या दिवसापर्यंत माझ्या पलंगाखाली चटई टाकून झोपली. माझी वेणी घालायची, नर्सशी भांडायची, शेजारच्या बाईच्या लेकराला खेळवायची. एका दुपारी वॉर्डात सगळे पेंगत होते. मी तिला विचारलं, की इतकी वर्षं झाली, अजून तिच्या मनातून ते जात नाही का. छत्र्याच तर टाकल्या होत्या.

माय माझ्या पायाला तेल चोळत होती. म्हणाली, "टाकल्याचं काय न्हाई गं. लोक काय काय टाकतात. शिंपडलं कशाला?"

सुट्टी मिळाली तेव्हा ती जीपपर्यंत आली, माझ्या पाठीमागं उशी लावली, आणि रस्ता ओलांडून हसनाबादच्या गाडीकडं गेली.

म्हातारपणी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तोवर टेकडी निम्मी राहिली होती. भावानं जेसीबी लावून पायथ्याची जमीन सपाट केली, कापूस लावला. त्याचं खरं होतं, मेंढरं गेल्यावर त्यानं करायचं काय. नुसत्या टेकडीनं कुणाचं घर चालतं. वारुळं गेली ती त्या एका आठवड्यात गेली. उरलेल्या बांधांवर तणनाशक मारलं जातं, तिथं चिगळीचं तणसुद्धा उगवत नाही, छत्री कुठून उगवणार. माय भावाला कधी बोलली नाही. पण चैत्र आला की ती काठी घेऊन निघायचीच. सून म्हणायची, आत्याबाई उन्हात कुठं पडतील झडतील. एका वर्षी वैशाखात मी गेले होते तर मला घेऊन निघाली. पाझर तलावाच्या भिंतीला एक वारूळ राहिलं होतं. तिला ते दिसत नव्हतं, तिनं मला विचारलं, टोकाला ओलं आहे का. मी हात लावला. कोरडं होतं, चिरलेलं, हात लावल्यावर भुकटी पडली. मी म्हणाले, आहे, ओलं आहे. माय म्हणाली, मग श्रावणात ये.

त्या उन्हाळ्यातच ती गेली. आबा मातीला आले होते. पांढरं धोतर, स्वच्छ टोपी. तिच्या पायाशी वाकून त्यांनी नमस्कार केला, आणि परत येताना गाडीत म्हणाले, मोठी कष्टाळू बाई होती. मी खिडकीतून बाहेर बघत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं होती, भर उन्हात उघडी पडलेली. मला आबांना काही म्हणायचं नव्हतं. म्हणण्यासारखं होतं ते सगळं मायनं न येऊन म्हणून टाकलं होतं, आणि ते त्यांना ऐकू आलं नव्हतं.

राहुलनं शेतीचा डिप्लोमा केला, नोकरीसाठी बरेच दिवस हिंडला, मग परत आला. कुठलंसं प्रशिक्षण घेतलं आणि गोठा जिथं होता तिथंच शेड उभी केली. बैल विकून झाले होते, गोठा रिकामाच होता. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भिजवायचं, उकळायचं, प्लास्टिकच्या पिशव्यांत थर देऊन भरायचं, मधे ढिंगरीचं, म्हणजे विकायच्या अळिंबाचं, बियाणं टाकायचं आणि पिशव्या दोरीनं टांगून ठेवायच्या. खिडक्यांना ओली गोणपाटं. बाहेर ऊन कितीही असो, आत दमट, अंधार, बाराही महिने श्रावण. थोड्या दिवसांनी पिशव्यांच्या भोकांतून कानाच्या पाळीसारखे करडे-पांढरे झुबके बाहेर येतात. राहुल ते खुडून डब्यांत भरतो आणि जालन्याच्या हॉटेलांना, ढाब्यांना पोचवतो. माझा मुलगा मेहनती आहे. त्याचा मला राग नाही. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. आजी आपल्या घरी का येत नाही, तर तिचे गुडघे दुखतात, हे त्याला मीच सांगितलं होतं.

शेडचा नारळ आबांनी फोडला. मी मागं उभी होते. राहुलनं त्यांना आधी बरोबर समजावून सांगितलं होतं, की हे कुटारावर येतं, मातीचासुद्धा संबंध नाही, शुद्ध शाकाहारी आहे, डॉक्टर लोक खायला सांगतात. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे भाजीच झाली. माळ गळ्यात तशीच होती.

मी तेव्हा बोलले. म्हणाले, "आबा, मायनं आणली व्हती ती बी भाजीच व्हती."

आबांनी माझ्याकडं बघितलं. म्हातारपणी त्यांचे डोळे निळसर झालेत, लेकरासारखे. "कुणी आणली व्हती?" त्यांनी विचारलं. "कवा?"

ते नाटक करत नव्हते. तेवढं मी त्यांना ओळखते. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. मायनं उरलेलं सगळं आयुष्य ज्या दाराकडं पाठ फिरवून काढलं, त्या दाराच्या मालकाला तो दिवस लक्षातही राहिला नव्हता. त्यांच्या लेखी त्या दुपारी काही घडलंच नव्हतं. घरात एक वस्तू आली होती, ती बाहेर गेली, जागा स्वच्छ झाली.

माझा नवरा तिथंच होता. तो नारळाचे तुकडे करण्यात गुंतला. नंतर विहिरीवर मी त्याला गाठलं आणि विचारलं, तुला तरी आठवतं का. तो मोटारीचं बटण दाबून पाण्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आठवतंय. टोपली मीच नेल्ती ना."

"मंग सांगायचं व्हतं त्यांना."

"आता काय सांगू," तो म्हणाला. "त्यांना कालचं जेवण आठवत न्हाई."

त्यानं पुढंही काही सांगितलं. त्या दिवशी उकिरड्यावर तो टोपली पालथी न करता बराच वेळ उभा राहिला होता, असं. एक छत्री उचलून त्यानं वास घेतला होता. हे त्यानं मला इतक्या वर्षांनी सांगितलं, पाटाच्या पाण्याच्या आवाजात, अर्धं ऐकू येईल अशा बेतानं. वास घेऊन मग टाकल्या, हे कळून मला बरं वाटावं अशी त्याची अपेक्षा असेल, तर ते काही झालं नाही.

आता आमच्या घरी आठवड्यातून दोनदा तरी ढिंगरीची भाजी होते. आबांना दात नाहीत, अंगात ताकद नाही, म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम सांगितली आहे. मीच करते. कांदा, लसूण, काळा मसाला. लसूण तर आबांनी आता चातुर्मासातही चालवून घेतलाय, त्यांच्या छातीला बरा पडतो म्हणून. शेडमधल्या ढिंगरीला तो हुरड्याचा वास येत नाही. तिला कशाचाच वास येत नाही, मसाल्याचा येतो. तरी पाहुणे बोटं चाटतात, मुंबई-पुण्याचे तर फोटो काढतात.

परवा पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सगळे एकत्र जेवायला बसले होते. राहुल, त्याची बायको, माझा नवरा, आणि भिंतीला टेकून आबा. मी वाढत होते. आबांची भाजी मी वेगळी, मऊ शिजवून ठेवते, ती त्यांना वाढली. त्यांनी भाकरी कुस्करून रश्शात कालवली, थोडी खाल्ली, आणि मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. माझं ताट कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. सून म्हणाली, आई मागून जेवतात. राहुल म्हणाला, आई ही भाजी खातच नाही आबा, आजपर्यंत एकदाही चाखली नाही तिनं.

"का गं?" आबांनी विचारलं. "उपास हाये का?"

मी पळी हातात धरून उभी होते. म्हणाले, "हो आबा. उपास हाये."

"आज कशाचा?"

"मायच्या नावाचा धरलाय."

नवऱ्यानं घास तसाच ठेवला. राहुल माझ्याकडं बघत राहिला. आबांनी मात्र डोळे मिटून मान हलवली. उपासतापास त्यांना कळतात. जन्मभर त्यांनी ते केलेत, आणि दुसऱ्यानं केलेल्याचा मानही ठेवलाय.

"धरला तर मंग मोडू नको," ते म्हणाले, अगदी मायेनं. आणि ताट थोडं पुढं सरकवून म्हणाले, "मला अजून थोडी घाल. रस्सा जास्त घाल."

मी घातली.